मोहनदास करमचंद गांधी यांची वकिली

मोहनदास करमचंद गांधी (जन्म : २ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर, मृत्यू : ३० जानेवारी १९४८, नवी दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते म्हणून जगभर परिचित असले, तरी शिक्षणाने ते बॅरिस्टर होते आणि आयुष्याची सुमारे वीस वर्षे त्यांनी वकिली केली. त्यांपैकी बहुतेक काळ त्यांचा व्यवसाय दक्षिण आफ्रिकेतील नाताळ व ट्रान्सवाल या वसाहतींत चालला. न्यायालयात वाद जिंकून देण्यापेक्षा दोन्ही पक्षांना तडजोडीपर्यंत आणणे हे वकिलाचे खरे काम होय, असे त्यांचे मत या काळात बनले. पुढे चंपारण, अहमदाबाद व असहकार या आंदोलनांत त्यांनी वापरलेल्या पद्धतीची मुळे या वकिलीत सापडतात.

घराणे व शिक्षण

गांधींचे वडील करमचंद ऊर्फ कबा गांधी हे काठियावाडातील पोरबंदर संस्थानचे व नंतर राजकोटचे दिवाण होते. संस्थानिक व त्यांचे भाऊबंद यांच्यातील तंटे मिटवण्यासाठी काठियावाडात राजस्थानिक कोर्ट नावाची संस्था होती. कबा गांधी तिचे सभासद होते. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते, परंतु व्यवहारज्ञानाच्या बळावर ते गुंतागुंतीचे तंटे सोडवत. अशा रीतीने भांडणे आणि त्यांची मिटवणी हा विषय गांधींच्या घरात आधीपासूनच होता.

वडिलांच्या निधनानंतर मोहनदास यांनी भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण तेथे त्यांचा जम बसला नाही. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी त्यांना विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावे, असा सल्ला दिला. समुद्रगमनास मोढ वणिक जातीच्या मुंबईतील पुढाऱ्यांनी विरोध केला व त्यांना जातीबाहेर टाकले. तरीही सप्टेंबर १८८८ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि लंडनच्या इनर टेंपल या संस्थेत दाखल झाले. बॅरिस्टर होण्यासाठी ठरावीक सत्रांतील भोजनांना हजेरी लावणे आणि रोमन व इंग्लिश कायद्याच्या परीक्षा देणे आवश्यक असे. बहुतेक विद्यार्थी टिपणांवर भागवत; गांधींनी मात्र मूळ ग्रंथ वाचले आणि रोमन कायदा लॅटिनमधून अभ्यासला. १० जून १८९१ रोजी त्यांना सनद मिळाली व दोनच दिवसांत ते स्वदेशी परत निघाले. मुंबईत उतरल्यावर आई पुतळीबाई यांचे निधन झाल्याची वार्ता त्यांना कळली.

मुंबई व राजकोट

सनद मिळाली तरी हिंदुस्थानातील कायद्यांची ओळख त्यांना नव्हती. मुंबईत राहून त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता, पुराव्याचा कायदा आणि हिंदू कायद्यावरील मेन यांचा ग्रंथ यांचा अभ्यास सुरू केला. लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या प्रतिवादी स्त्रीचे काम त्यांना ३० रुपये शुल्कावर मिळाले. काम आणून देणाऱ्या दलालास दलाली देण्याचे त्यांनी नाकारले. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यासाठी ते उभे राहिले, परंतु धीर सुटून त्यांना एकही प्रश्न विचारता आला नाही. ते खाली बसले, घेतलेले शुल्क परत केले आणि दुसरा वकील करण्यास सांगून न्यायालयातून निघून गेले. पुढे त्यांनी एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. पण पदवी नसल्याने ती नोकरीही मिळाली नाही.

सुमारे सहा महिन्यांनी मुंबईचे बिऱ्हाड मोडून ते राजकोटला गेले. तेथे अर्ज व निवेदने लिहून देण्याच्या कामातून त्यांना महिन्याला सुमारे ३०० रुपये मिळू लागले. मुंबईत नाकारलेली दलाली येथे निराळ्या रूपाने द्यावीच लागली, कारण कामे भावाच्या ओळखीच्या वकिलांकडून येत. याच सुमारास वडील बंधू लक्ष्मीदास यांच्यावरील एका आरोपाच्या संदर्भात रदबदली करण्यासाठी ते ब्रिटिश पोलिटिकल एजंटाकडे गेले असता त्या अधिकाऱ्याने त्यांना शिपायाकरवी बाहेर काढले. गांधींनी फिर्याद करण्याचा विचार केला. त्या वेळी एका खटल्यासाठी राजकोटला आलेले फिरोजशाह मेहता यांच्याकडे त्यांनी सल्ला मागितला. अशा फिर्यादीतून निष्पन्न काही होणार नाही, उलट नुकसानच होईल, असे मेहतांनी कळवले. गांधींनी तो अपमान गिळला. मात्र ओळखीचा फायदा घेऊन शिफारस करण्यास गेलो ही आपली चूक होती, हेही त्यांनी मान्य केले.

दादा अब्दुल्ला यांचा दावा

मूळच्या पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला आणि कंपनी या मेमण व्यापारी पेढीचा दक्षिण आफ्रिकेत मोठा व्यापार होता. पेढीने प्रिटोरिया येथील व्यापारी तय्यब हाजी खानमहंमद यांच्यावर ४०,००० पौंडांचा दावा लावला होता. पेढीच्या गोऱ्या वकिलांना गुजराती कागदपत्रे व चोपड्या समजावून देण्यासाठी एका वर्षाच्या कराराने गांधींना बोलावण्यात आले. जाण्यायेण्याचे प्रथम वर्गाचे भाडे आणि १०५ पौंड असा मोबदला ठरला. मे १८९३ मध्ये ते दरबानला पोहोचले.

दरबानच्या न्यायालयात पगडी उतरवण्यास सांगण्यात आले तेव्हा ते बाहेर पडले. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर प्रथम वर्गाचे तिकीट असूनही त्यांना गाडीतून खाली उतरवण्यात आले. पुढील घोडागाडीच्या प्रवासात त्यांना मारहाण झाली. या प्रसंगांचा उल्लेख त्यांच्या राजकीय जीवनाचा आरंभ म्हणून नेहमी केला जातो. वकील म्हणून त्यांची खरी घडण मात्र प्रिटोरियातील त्या दाव्याच्या कागदपत्रांत झाली.

दाव्याचा काही भाग वचनचिठ्ठ्यांवर, तर काही भाग वचनचिठ्ठ्या देण्याचे कबूल केल्याच्या वचनावर आधारलेला होता. वचनचिठ्ठ्या फसवून घेतल्या, असा प्रतिवादीचा बचाव होता. सर्व वाद व्यापारी जमाखर्चाच्या गुंत्यात अडकलेला होता. गांधींना हिशेबाचे ज्ञान नव्हते. त्यांनी पुस्तके आणून जमाखर्च शिकून घेतला. दोन्ही बाजूंचे सर्व कागद वाचून, गुजराती मजकुराची भाषांतरे करून त्यांनी प्रकरण तयार केले. वस्तुस्थिती नीट हाती आली की कायदा आपोआप तिच्या बाजूने येतो, हा धडा ते या कामातून शिकले.

वस्तुस्थिती हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. पहिली, दादा अब्दुल्ला यांची बाजू बळकट होती. दुसरी, दावा असाच चालू राहिला तर दोन्ही पक्ष बुडतील. वादी व प्रतिवादी एकाच गावचे व एकमेकांचे नातलग होते. वकिलांचे शुल्क वाढत चालले होते, दोन्ही व्यापाऱ्यांचे लक्ष धंद्यावरून उडाले होते आणि वैर वाढत होते. जिंकणाऱ्यास हुकूमनाम्यात मिळणारा खर्च प्रत्यक्ष झालेल्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असे. गांधींनी तय्यब शेठ यांची भेट घेऊन लवादाचा प्रस्ताव मांडला आणि आपल्या अशिलासही तो पटवला. दोघांचा विश्वास असलेला लवाद नेमण्यात आला. त्याच्यापुढे प्रकरण चालून निवाडा दादा अब्दुल्ला यांच्या बाजूने लागला.

गांधींचे काम येथे संपले नाही. निवाड्याप्रमाणे तय्यब शेठ यांना ३७,००० पौंड व खर्च द्यावयाचा होता. ही रक्कम एकदम देणे त्यांना शक्य नव्हते. दिवाळे निघणे हे पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांना मरणाहून वाईट वाटे. दादा अब्दुल्ला यांनी लांब मुदतीचे हप्ते मान्य करणे हाच एक मार्ग होता. जिंकलेल्या अशिलास सवलत देण्यास राजी करणे गांधींना दोघांना लवादास राजी करण्यापेक्षाही अवघड गेले. अखेरीस हप्ते ठरले. पराभूताची अब्रू वाचली, विजेत्याचे नाव वाढले आणि दोघांचाही समाजातील मान टिकला. पुढील वीस वर्षांत आपला बराचसा वेळ शेकडो प्रकरणांत खासगी तडजोडी घडवण्यात गेला व त्यात पैशाचेही नुकसान झाले नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

नाताळमधील वकिली

करार संपल्यावर गांधी परतण्याच्या तयारीत असताना नाताळमधील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक पुढे आले. व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून ते राहिले. सार्वजनिक कामासाठी मोबदला घेण्यास त्यांनी नकार दिला. त्याऐवजी सुमारे वीस व्यापाऱ्यांनी त्यांना आपली वकिलीची कामे देण्याचे मान्य केले. नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून नोंदणी करण्यास तेथील वकिलांच्या मंडळाने हरकत घेतली. न्यायालयाने ती फेटाळली आणि सप्टेंबर १८९४ मध्ये त्यांची नोंदणी झाली. शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी पगडी उतरवण्यास सांगितले तेव्हा गांधींनी ती उतरवली. मित्रांना हे रुचले नाही. परंतु आपली शक्ती मोठ्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी, असे गांधींना वाटले.

याच काळातील बालसुंदरम् याचे प्रकरण विशेष प्रसिद्ध आहे. हा तमिळ गिरमिटिया मजूर गोऱ्या मालकाने केलेल्या मारहाणीत दोन दात तुटलेल्या अवस्थेत गांधींकडे आला. गिरमिटिया मजुराने मालकाचे काम सोडणे हा फौजदारी गुन्हा मानला जाई, त्यामुळे केवळ नोकरी सोडून जाण्याचा मार्ग त्याला मोकळा नव्हता. गांधींनी प्रथम डॉक्टरांचा दाखला घेतला आणि त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले. मालकावर समन्स निघाले. मालकास शिक्षा व्हावी हा गांधींचा हेतू नव्हता. मजूर त्याच्या ताब्यातून सुटावा एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी मालकाची भेट घेऊन गिरमिट दुसऱ्याच्या नावे करण्यास त्याची संमती मिळवली आणि बालसुंदरम् साठी नवा मालकही शोधून दिला. या प्रकरणानंतर गिरमिटिया मजूर मोठ्या संख्येने त्यांच्याकडे येऊ लागले.

जानेवारी १८९७ मध्ये हिंदुस्थानातून परतल्यावर दरबानमध्ये गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर यांच्यामुळे ते बचावले. हल्लेखोरांवर खटले भरावेत, अशी सूचना ब्रिटिश वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी केली. परंतु गांधींनी फिर्याद देण्यास लेखी नकार दिला. जमावाची चुकीच्या वृत्तांमुळे दिशाभूल झाली, असे त्यांचे म्हणणे होते. या नकारामुळे दरबानच्या गोऱ्या समाजात त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

जोहान्सबर्गमधील वकिली

१९०१ मध्ये गांधी हिंदुस्थानात परतले आणि १९०२ मध्ये त्यांनी मुंबईत पुन्हा वकिली मांडली. या वेळी जम बसू लागला होता. परंतु दक्षिण आफ्रिकेतून बोलावणे आल्याने त्याच वर्षाच्या अखेरीस ते परत गेले. १९०३ मध्ये ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी म्हणून नोंदणी करून त्यांनी जोहान्सबर्गच्या रिसिक रस्त्यावर कार्यालय उघडले. हेन्री पोलाक व सोन्या श्लेसिन हे त्यांचे सहकारी या कार्यालयात तयार झाले.

जोहान्सबर्ग नगरपालिकेने हिंदी वस्तीची जमीन ताब्यात घेतली, तेव्हा नुकसानभरपाईसाठी भाडेपट्टेदारांनी गांधींना वकीलपत्रे दिली. निकाल काहीही लागो, प्रत्येक प्रकरणामागे १० पौंड एवढेच शुल्क त्यांनी ठरवले आणि त्यातील निम्मी रक्कम गरिबांसाठी रुग्णालय किंवा तत्सम संस्थेकरिता बाजूला काढण्याचे जाहीर केले. सुमारे ७० प्रकरणांपैकी केवळ एकात त्यांना अपयश आले.

सत्य लपवून मिळवलेला निकाल त्यांना नको असे. एका हिशेबी वादात लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने लागला होता. मात्र त्यात आकडेमोडीची एक चूक राहून गेली होती व तिचा फायदा अशिलास होत होता. ती स्वतःहून कबूल करणे धोक्याचे आहे, असे ज्येष्ठ वकिलांचे मत होते. गांधींनी अशिलाची संमती घेऊन न्यायालयात चूक मान्य केली. न्यायाधीशांनी केवळ चूक दुरुस्त करून मूळ निवाडा कायम ठेवला. जोहान्सबर्गमधील दुसऱ्या एका प्रकरणात अशिलाने आपल्याला फसवल्याचे सुनावणीत उघड होताच, त्यांनी दंडाधिकाऱ्यास आपल्याच अशिलाचा दावा काढून टाकण्याची विनंती केली.

पारशी रुस्तमजी हे त्यांचे निकटचे स्नेही व अशील जकात चुकवून माल आणत असल्याचे उघडकीस आले. तुरुंगवासाची भीती होती. गांधींनी त्यांना आरोप झाला नव्हता तो गुन्हाही कबूल करण्याचा सल्ला दिला आणि स्वतः जकात अधिकारी व ॲटर्नी जनरल यांची भेट घेतली. कबूल केलेल्या चुकवेगिरीच्या दुप्पट रक्कम भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ही सर्व हकिकत लिहून चौकटीत बसवली व वारस आणि व्यापारी मित्र यांना कायमची आठवण राहावी म्हणून आपल्या कार्यालयात टांगली.

वकील ते आरोपी

ट्रान्सवालमधील आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्धच्या सत्याग्रहात १० जानेवारी १९०८ रोजी गांधींना दोन महिन्यांची कैद झाली. ज्या न्यायालयात ते वकील म्हणून उभे राहत, तेथेच ते आरोपी म्हणून उभे होते. महिनाअखेरीस जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन त्यांची सुटका झाली : लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि सरकारने कायदा मागे घ्यावा, असे गांधींच्या समजुतीप्रमाणे ठरले होते.

ही तडजोड अनेक हिंदी लोकांना पसंत पडली नाही. १० फेब्रुवारी रोजी नोंदणी कार्यालयाकडे जात असताना मीर आलम नावाच्या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी गांधींना बेदम मारहाण केली. मीर आलम हा त्यांचा जुना अशील होता. शुद्धीवर येताच त्यांनी हल्लेखोरांवर खटला भरू नये, अशी विनंती ॲटर्नी जनरलला केली. तरीही सरकारने खटला चालवला व शिक्षा झाली. पुढे कायदा रद्द झालाच नाही. त्यामुळे ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीपत्रांची जाहीर होळी करण्यात आली. दोन व्यापाऱ्यांमध्ये यशस्वी ठरलेली पद्धत सत्ताधारी व निःशस्त्र समाज यांच्यात वापरताना, वचन पाळले न गेल्यास काय करावे, हा प्रश्न या घटनेने त्यांच्यापुढे उभा केला. लोकांनी पुन्हा तुरुंगात जाण्याची तयारी ठेवणे, हे त्यांचे उत्तर होते.

१९०९ मध्ये लिहिलेल्या हिंद स्वराज्य या पुस्तकात त्यांनी वकिली व्यवसायावर कडक टीका केली. भांडणे मिटण्यापेक्षा वाढण्यात वकिलाचा स्वार्थ असतो आणि वकिलांमुळेच इंग्रजी न्यायालयांची व पर्यायाने राज्याची पकड घट्ट झाली, असा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर लवकरच त्यांनी आपली वकिली आवरती घेतली. १९१४ मध्ये स्मट्स यांच्याशी झालेल्या वाटाघाटींतून गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द झाला व हिंदी विवाहांना मान्यता मिळाली.

हिंदुस्थानातील कार्य

१९१७ मध्ये चंपारणातील निळीच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी तपासण्यासाठी गांधी बिहारला गेले. ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद इत्यादी वकील कुळांची प्रकरणे चालवत असत. भयाने ग्रासलेल्या कुळांना खटल्यांचा उपयोग नाही, असे सांगून गांधींनी या वकिलांना जबान्या लिहून घेण्याचे काम दिले. प्रत्येक जबानी उलटतपासणी करूनच नोंदवायची व न टिकणारी सोडून द्यायची, असा नियम होता. हजारो जबान्या जमा झाल्या. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम मोडल्याबद्दल मोतीहारी येथे भरलेला खटला सरकारने मागे घेतला आणि चौकशी समिती नेमून तीत गांधींना घेतले. मळेवाल्यांनी बेकायदा वसुलीपैकी २५ टक्के परत करावी, असे ठरले. रक्कम कमी असल्याची टीका झाली. परंतु मळेवाल्यांना पैसे परत करावे लागले यातच त्यांचा दरारा संपला, असे गांधींचे मत होते. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया पद्धत रद्द झाली.

अहमदाबादच्या १९१८ मधील गिरणी संपात मजूर ५० टक्के वाढ मागत होते व मालक २० टक्के देऊ करत होते. गांधींनी हिशेब तपासून ३५ टक्के ही मागणी निश्चित केली. त्यांच्या उपोषणानंतर प्रकरण आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेले व ३५ टक्के वाढ मान्य झाली. या उपोषणाचे मालकांवर दडपण आले, हा दोष गांधींनी स्वतः मान्य केला.

१९२० च्या असहकारात सरकारी न्यायालयांवर बहिष्कार आणि लवादामार्फत तंट्यांचा निकाल हा कार्यक्रमाचा भाग होता. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांसारख्या नामांकित वकिलांनी व्यवसाय सोडला. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाल्यावर गांधींनी आपला व्यवसाय शेतकरी व विणकर असा सांगितला. १८ मार्च रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांनी आरोप मान्य केला. टिळकांना झालेल्या शिक्षेचा दाखला देऊन न्यायाधीशांनी त्यांना सहा वर्षांची कैद दिली. ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना, नोव्हेंबर १९२२ मध्ये, इनर टेंपलने त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकले.

मूल्यमापन

गांधींच्या तडजोडीच्या पद्धतीत तीन गोष्टी वारंवार दिसतात : वस्तुस्थितीचा कसून अभ्यास, आपल्या पक्षाच्या चुकांची कबुली आणि हरलेल्यास पेलेल अशा अटी. तिच्या मर्यादाही समकालीनांनी दाखवल्या. येरवडा तुरुंगातील उपोषणाच्या काळात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारात दलित वर्गांसाठी संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा ठरल्या. परंतु ही संमती उपोषणाच्या दडपणाखाली द्यावी लागली, अशी टीका करारातील दुसरे पक्षकार बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे केली. दोन्ही पक्षांना नकार देण्याची सारखीच मोकळीक होती का, हा प्रश्न अशा तडजोडींबाबत अभ्यासक आजही विचारतात.

मध्यस्थी व लवाद यांचे शिक्षण देताना दादा अब्दुल्ला यांच्या दाव्याचे उदाहरण भारतात वारंवार दिले जाते. इनर टेंपलने १९८८ मध्ये गांधींचे नाव बॅरिस्टरांच्या यादीत मरणोत्तर पुन्हा समाविष्ट केले.